रानाचे बलुतेदार



आळेफाट्याहून ओतूरमार्गे माळशेज घाटाकडे निघालात, की वाटेत मढ लागते. एका अंगाला पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि पुढे खिरेश्वर व हरिश्चंद्रगडाचा पायथा. माझे बरेचसे आयुष्य याच पट्ट्यात मास्तरकी करण्यात गेले. तेव्हा आज जे सांगणार आहे ते शास्त्रज्ञांनी शोधून काढलेले असले, तरी मी ते मढच्या वाटेवर उभा राहून सांगतो आहे, असे समजा.

प्रश्न अगदी साधा आहे. रानात नाना तऱ्हेची झाडे, वेली, गवते, किडे, पाखरे असतात. ती सारी असली काय, किंवा त्यांतली निम्मी गेली काय, रानाच्या कामात काही फरक पडतो का? हिरवे दिसले म्हणजे झाले, की किती जातींचे हिरवे आहे याला काही अर्थ आहे?

आता तुम्ही म्हणाल, "रानाला कसले आलेय काम? ते आपले उभे असते." नाही बरं का! रान दिवसरात्र राबत असते. पडलेला पाऊस अडवायचा आणि जमिनीत मुरवायचा, माती धरून ठेवायची, पाचोळ्याचे खत करायचे, फुलाचे फळ करायचे, किडीला आवर घालायचा, गुराला चारा पुरवायचा, ही सगळी रानाचीच कामे. पूर्वी गावगाड्यात बारा बलुतेदार असत. सुतार वेगळा, लोहार वेगळा, कुंभार वेगळा. त्या व्यवस्थेत जी उच्चनीचता होती ती गेली, हे चांगलेच झाले. मी येथे फक्त कामाच्या वाटणीचा दाखला घेतो. ज्या गावात पन्नास सुतार आहेत पण लोहार एकही नाही, त्या गावाचे नांगर कोण धड ठेवणार? रानाचेही तसेच आहे. नुसती झाडांची डोकी मोजून भागत नाही. कोणते काम करणारा कोण आहे, हेही पाहावे लागते.

हा विचार तसा जुना आहे. चार्ल्स डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक गोष्ट नमूद केली होती. जमिनीच्या एका तुकड्यात एकाच जातीचे गवत पेरले आणि तेवढ्याच दुसऱ्या तुकड्यात निरनिराळ्या गवतांचे मिश्रण पेरले, तर मिश्रणातून अधिक चारा मिळतो. पण एखादी गोष्ट खरी वाटणे निराळे आणि ती मोजून दाखवणे निराळे. मोजून दाखवायला पुढे शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

अमेरिकेत मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तेथील सीडर क्रीक या ठिकाणी डेव्हिड टिलमन या शास्त्रज्ञाने १९८२ साली गवताळ जमिनीवर २०७ वाफे आखून एक प्रयोग सुरू केला. प्रयोग होता नत्र खताचा. खत जास्त पडले त्या वाफ्यांत दोनचार दांडगी गवते माजली आणि बाकीच्या जाती नाहीशा झाल्या. जेथे खत कमी, तेथे अनेक जाती टिकून राहिल्या. इतक्यात १९८७-८८ साली तिकडे मोठा दुष्काळ पडला. दुष्काळ कोणी मागून आणत नाही, पण तो आला आणि त्याने आपणहून परीक्षा घेतली. ज्या वाफ्यांत पुष्कळ जाती होत्या, तेथील गवताचे वजन निम्म्याच्या आसपास घटले. ज्यांत मोजक्याच जाती होत्या, तेथील घट याहून कितीतरी मोठी होती. दुष्काळ सरल्यावर सावरायलाही अनेक जातींचे वाफे लवकर सावरले. टिलमन आणि त्यांचे सहकारी डाउनिंग यांनी ही हकीकत १९९४ साली प्रसिद्ध केली.

यावर काही शास्त्रज्ञांनी शंका काढली, आणि ती रास्त होती. ते म्हणाले, "हा फरक जातींच्या संख्येमुळे पडला, की खतामुळे?" तेव्हा त्याच १९९४ साली टिलमन यांनी नवा प्रयोग मांडला. ९ मीटर लांब, ९ मीटर रुंद असे १६८ वाफे. कोणात १ जात, कोणात २, कोणात ४, ८, तर कोणात १६. कोणत्या वाफ्यात कोणत्या जाती जायच्या हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवले. बाहेरचे तण हाताने खुरपून काढायचे. श्रोतेहो, पेरणी, खुरपणी आणि वजनकाटा, हेच या प्रयोगाचे मुख्य साहित्य! काही वर्षांनी मोजले तेव्हा असे दिसून आले की, १६ जातींच्या वाफ्यांतील वनस्पतींचे वजन एकेकट्या जातीच्या वाफ्यांच्या सरासरीच्या २.७ पट भरले.

युरोपातही १९९६ पासून ८ ठिकाणी असाच प्रयोग झाला. स्वीडनपासून ग्रीसपर्यंत आणि आयर्लंडपासून पोर्तुगालपर्यंत हवा निराळी, माती निराळी. तरी सर्वसाधारण निष्कर्ष एकच निघाला. जाती निम्म्या केल्या की दर चौरस मीटरमागे सुमारे ८० ग्रॅम वाळलेले गवत कमी मिळते.

हे असे का होते? याची कारणे समजायला मिनेसोटाला जायची गरज नाही. आपल्या आजोबांच्या शेतात जाऊ.

जुन्नरच्या पूर्वभागात बाजरी कोणी एकटी पेरत नसे. पाभरीच्या मागे मोघण बांधून तुरीचे तास धरायचे, मधे मटकी, हुलगा, कडेला अंबाडी. बाजरीची मुळे वरच्या थरातला ओलावा घेतात, तुरीचे सोटमूळ खोल जाते. दोघींची तोंडे वेगवेगळ्या ताटांत! बाजरी दसऱ्याच्या सुमारास निघते, तूर मागे राहून थंडीत पिकते. म्हणजे एकच रान दोघी पाळीपाळीने वापरतात. मटकी जमिनीवर पसरून ओल झाकते. शिवाय तूर, मटकी, हुलगा यांच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींतले सूक्ष्म जंतू हवेतला नत्र धरून जमिनीला देतात. ही झाली कामाची वाटणी.

दुसरे कारण विम्याचे. पाऊस वेळेवर आला तर बाजरी साधते, मागास झाला तर हुलगा तरी हाती लागतो. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना यातले मर्म वेगळे सांगायला नको. सगळी अंडी देणारी एकच कोंबडी असली, तर मुंगसाची एक खेप पुरते.

आता मढच्या वरच्या अंगाला, डोंगरपट्टीत या. तेथे वरकस जमिनीवर नाचणी, वरई, खुरासणी. खाचरात भात. आणि बांधाला, रानाला हिरडा. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडील आदिवासी कुटुंबांना बाळहिरडा म्हणजे पावसाळ्याआधी हाती येणारा रोख पैसा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि या पट्ट्यातील हिरड्याचे फार मोठे नुकसान करून गेले. हिरड्याचे मोठे झाड मोडले तर नवे त्या जागी यायला बरीच वर्षे लागतात. ज्या घराचा आधार फक्त हिरडा, त्याची अडचण काय झाली असेल, हे ज्याचे त्याला माहीत. ज्याच्या रानात आंबा, जांभूळ, करवंद, मध असे आणखी चार आधार होते, त्याला निदान धरायला दुसरी फांदी होती. शास्त्रज्ञ ज्याला स्थैर्य म्हणतात, ते घरच्या भाषेत हेच.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जाती वाढवल्या म्हणजे जादू होते, असे नाही. दोन्ही तहानलेली, दोन्ही एकाच थरात मुळे पसरणारी पिके एकत्र पेरली, तर ती एकमेकींचा घास ओढतील. आणि घाणेरीसारखे बाहेरून आलेले झुडूप रानात शिरले, तर यादीत एक नाव वाढेल खरे, पण ते पसरून दहा नावे पुसून टाकील. शिवाय काही अभ्यासकांचे म्हणणे असे की, सोळा जातींत एखादी मुळातच दांडगी जात असण्याचा संभव अधिक, तेवढ्यानेच वजन वाढत असेल. यातही तथ्य आहे. पण सीडर क्रीकच्या वाफ्यांची वर्षे जशी सरत गेली, तसे अनेक मिश्र वाफे सर्वांत जोमदार एकट्या जातीच्याही पुढे गेले. म्हणजे एका पैलवानाचे बळ हे सगळे उत्तर नव्हे. मेळाचेही बळ असते.

गवताचे झाले, झाडांचे काय? चीनमधील जिआंगशी प्रांतात २००९ पासून सुमारे दीड लाख झाडे लावून हाच प्रश्न विचारला गेला. ८ वर्षांनी असे आढळले की, १६ जातींच्या लागवडीत साठलेला कार्बन एकजातीच्या लागवडींच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक होता. येथेही एक पुस्ती जोडतो. बाजारासाठी लावतात अशा दोन निवडक जातींच्या एकेकट्या लागवडीने जवळजवळ तेवढेच साठवले. तेव्हा लाकूड एवढेच हवे असेल, तर एक जात पुरेल. पण त्या एका जातीवर कीड पडली तर? आणि आपल्याला डोंगराकडून फक्त लाकूड हवे आहे का? पाणी, चारा, मध, औषध, सावली, हे कोणाकडे मागायचे? वृक्षारोपणाच्या दिवशी नुसती गिरिपुष्पाची रोपे ओळीने खोचताना हा विचार करावा.

असा विचार आपल्याकडे झालाच नव्हता असे नाही. आपल्या पूर्वजांनी तर सोळा नव्हे, शेकडो जातींचे वाफे राखून ठेवले आहेत. त्यांना आपण देवराई म्हणतो. वरसूबाई, कळमजाई, भैरवनाथ, वाघोबा, असा जो कोणी देव असेल, त्याच्या नावाने राखलेले रान. तेथली काडी मोडायची नाही. आंबेगाव तालुक्यात आहुप्याची देवराई पाहा, किंवा आपल्या जुन्नरात दुर्गवाडीची.

पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या आणि १९७५-७६ साली आपले लेख प्रसिद्ध केले. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले असता, जुन्या रानाच्या कितीतरी जाती या लहानलहान तुकड्यांत तग धरून आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. मांडीएवढ्या जाडीच्या गारंबीसारख्या वेली अशाच ठिकाणी भेटतात. त्याच सुमारास श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी वर्तकांकडे धाव घेतली होती. त्यांची देवराई तोडीसाठी निवडली गेली होती, आणि गावकऱ्यांचे म्हणणे, "आमचा ओहोळ या रानातून निघतो. रान गेले तर पाणी जाईल." ती देवराई राखली गेली. गावकऱ्यांनी प्रयोगाचे वाफे आखले नव्हते, पण रान कोणते काम करते हे त्यांना ठाऊक होते.

देवराईत पावसाचा थेंब कसा खाली येतो, ते एकदा उभे राहून पाहा. आधी उंच झाडाच्या पानावर, तेथून मधल्या झाडावर, मग झुडपावर, मग पाचोळ्यावर. चार पायऱ्या उतरून आलेला थेंब मातीला ठोसा मारत नाही, अलगद शिरतो. पाचोळा कुजवायला बुरशी हवी, वाळवी हवी, गांडूळ हवे. गांडुळाच्या वाटेने पाणी आत जाते. उंबराच्या फळात एक बारकी माशी शिरते. ती नसेल तर उंबराला बी धरत नाही. आणि दुसरे काही पिकलेले नसते अशा दिवसांतही उंबर पिकतो, म्हणून त्याच्यावर हरियाल, वटवाघळे, माकडे गुजराण करतात. तीच पुढे बिया दूरवर नेऊन टाकतात. एका बारक्याशा माशीवर केवढा पसारा उभा आहे, पाहा!

श्रोतेहो, आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आनंद होत नाही.

पस्तीसएक वर्षांपूर्वी मी याच पट्ट्यातल्या एका वाडीवर शिक्षक होतो. वाडीच्या वर लहानशी देवराई होती, एकरभर असेल. मध्ये कौलारू देऊळ. कौले गळू लागली, तेव्हा सभेत ठरले की देवळाला सिमेंटचा स्लॅब टाकायचा. पैसा कोठून आणायचा? देवाचीच झाडे विकून देवाचे देऊळ बांधावे, त्यात पाप नाही, असे कोणी म्हणाले. अकरा झाडे निवडली, सगळ्यांत जुनी. मी शिकलेला म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे. मी हस्ताक्षर चांगले काढून अकरा झाडांची यादी केली आणि खाली बेरीज मारली. मी काही बोललो नाही. मला वाटले, आठदहा झाडे गेली तर काय होते? रान तर हिरवेच आहे.

पुढे काय झाले ते सांगतो. आग्या मोहोळे बसत त्या झाडांत सर्वांत उंच बेहडा होता. मोहोळे यायची थांबली. फांद्यांची छत्री फाटली तिथून ऊन खाली आले आणि घाणेरी शिरली. पूर्वी देवराईखालचा झरा वैशाखापर्यंत हंडा भरत असे. आता होळीलाच त्याची धार करंगळीएवढी होऊ लागली. झाडे तोडल्यामुळेच झरा आटला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्याच काळात वरच्या अंगाला दोन विहिरी झाल्या होत्या आणि पाऊसही कमीजास्त होत होता. मी मोजमाप ठेवले नव्हते. माझ्या वहीत झाडांच्या किमती होत्या, झऱ्याचे पाणी नव्हते. हीच माझी चूक.

त्या वाडीतल्या एक म्हाताऱ्या आजी मला एकदा झऱ्यावर भेटल्या. हंडा भरायला तासभर बसल्या होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, देवाला छप्पर दिलंत, पण त्याचं घर मोडलंत." मी त्यांच्याजवळ बसून राहिलो. हंडा भरला, तो उचलून त्यांच्या डोक्यावर दिला. त्याहून दुसरे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

म्हणून आज शिक्षक बंधुभगिनींना माझी कळकळीची विनंती आहे. मोजायला लागा, आणि मुलांना मोजायला लावा.

एक सोपा प्रयोग सांगतो. शाळेच्या आवारात २ मीटर लांब, २ मीटर रुंद असे नऊ वाफे आखा. तिन्हींत नुसती नाचणी, तिन्हींत नुसता उडीद, आणि उरलेल्या तिन्हींत एक ओळ नाचणीची व एक ओळ उडदाची. कोणता वाफा कोठे, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे चांगली जमीन एकाच्याच वाट्याला येणार नाही. खत, पाणी, खुरपणी सगळ्यांना सारखी. पीक निघाले की वजन करा. समजा, नुसत्या नाचणीच्या वाफ्यात ८०० ग्रॅम नाचणी आणि नुसत्या उडदाच्या वाफ्यात ३०० ग्रॅम उडीद निघाला. मिश्र वाफ्यात ५२० ग्रॅम नाचणी आणि १६५ ग्रॅम उडीद निघाला. तर नाचणीचा हिस्सा ०.६५ आणि उडदाचा ०.५५, बेरीज १.२०. याचा अर्थ असा की, मिश्र पिकाच्या एका गुंठ्यात जे पिकले ते वेगवेगळे पिकवायला सव्वा गुंठ्याच्या आसपास जमीन लागली असती. बेरीज एकाहून कमी आली, तर तसेच लिहा. मुलांना शास्त्र शिकवायचे म्हणजे खरे लिहायला शिकवायचे. आणि ज्या मुलाने हा वाफा खुरपला आहे, त्याला अपूर्णांकांची भीती राहणार नाही, हा वरचा फायदा!

दुसरी गोष्ट. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी, आणि गावातील झाडे, पिके, पशुपक्षी व त्यांविषयीची लोकांची माहिती यांची नोंदवही तिने तयार करावी, अशी तरतूद आहे. तुमच्या गावची वही कोठे आहे, ते विचारा. कपाटात असेल तर बाहेर काढा. कोरी असेल तर म्हाताऱ्या माणसांना भेटून ती भरा. कोणत्या झाडाला कधी फूल येते, कोणते भाताचे वाण कोण अजून राखून आहे, झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, हे सगळे त्यांना माहीत असते. ती माणसे गेली की ती माहितीही जाते.

तिसरी गोष्ट गावकऱ्यांसाठी. देवळाचा जीर्णोद्धार अवश्य करा. पण त्याच्या खर्चाची तोंडमिळवणी देवराईतून करू नका. वर्गणी काढा, श्रमदान करा, स्लॅब एक वर्ष उशिरा पडला तरी चालेल. शंभर वर्षांचे झाड पुढच्या वर्षी उभे करता येत नाही.

त्या वाडीची हकीकत पुरी करून थांबतो. अलीकडे तेथल्या बायकांनीच बैठक घेऊन देवराईत गुरे सोडणे बंद केले. दर पावसाळ्यात मुले घाणेरी उपटायला जातात. जुन्या खोडांच्या बुंध्याशी जांभूळ, हिरडा, अंजनी यांची रोपे आपणहून वर आली आहेत. पाखरांनी आणलेली असणार. मी गेल्या पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा मुलांनी मोजून दाखवली, तेवीस प्रकारची रोपे. या खेपेला मी वहीत तीच यादी लिहिली, आणि शेजारी झऱ्यावर हंडा भरायला किती वेळ लागला, तेही लिहिले. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा लिहायचे आहे. माझ्याने डोंगर चढवला नाही, तर वही कोणाकडे द्यायची, हेही ठरवून ठेवले आहे.

तुमच्या गावात अशी वही आजपासून कोणी सुरू करील, तर या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.